बाथरूमला टाईल किती घ्यायच्या? चौरस फूट नव्हे, ओळी मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातल्या जुन्या इमारतीतल्या फ्लॅटचे बाथरूम फोडून नवे करायचे आहे. आतले माप ७ फूट १ इंच बाय ४ फूट ६ इंच. भिंतींना आठ फुटांपर्यंत ३०० बाय ६०० मिलिमीटरची टाईल लावायची, दुकानात जिला ‘एक बाय दोन’ म्हणतात ती. एका आखूड भिंतीत अडीच बाय सातचे दार, समोरच्या आखूड भिंतीत दोन बाय दोनची खिडकी. दुकानदार म्हणतो १७ बॉक्स पुरतील. मिस्त्री म्हणतो दोन ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट) माल आणा, म्हणजे २१ बॉक्स. चार बॉक्सचा फरक कसा पडतो आणि ऐकायचे कोणाचे?

तुमच्या बाथरूमला माझ्या हिशेबाने २० बॉक्स लागतील. मिस्त्रीचा आकडा याच्या जवळ आहे, पण तो अनुभवाच्या अंदाजाचा आहे आणि पुढच्या बाथरूमला तोच अंदाज चुकू शकतो. म्हणून २० कसे आले ते नीट मांडतो. मुंबई-ठाण्यातली बाथरूम करण्यातच माझे बरेचसे आयुष्य गेले आहे, आणि टाईल अर्ध्यावर संपली की घरच्यांची काय दमछाक होते ते मला माहीत आहे. तीन घरी जाऊन आंघोळी कराव्या लागतात, मिस्त्री दुसऱ्या साइटवर निघून जातो, आणि दुकानात त्याच डिझाईनचा माल मिळाला तरी रंग जुळत नाही.

आधी दुकानदाराचा हिशेब पाहू. चारही भिंतींचा घेर साधारण २३ फूट २ इंच. गुणिले आठ, म्हणजे सुमारे १८५ चौरस फूट. त्यातून दाराचे साडेसतरा आणि खिडकीचे चार वजा केले की १६४ उरतात. एक टाईल दोन चौरस फुटांची धरली तर ८२ नग. बॉक्समध्ये पाच नग, म्हणून १७ बॉक्स.

यात पहिली गफलत टाईलच्या मापातच आहे. ३०० मिलिमीटर म्हणजे पूर्ण एक फूट नव्हे. फूट ३०४.८ मिलिमीटरचा. त्यामुळे ‘एक बाय दोन’ची टाईल प्रत्यक्षात १.९४ चौरस फूट भरते आणि पाच नगांचा बॉक्स दहा चौरस फुटांऐवजी ९.६९. फरक लहान वाटतो, पण १६४ ला १.९४ ने भागले की ८२ चे ८५ होतात. म्हणजे १७ बॉक्समधला शेवटचा नगही नुसत्या क्षेत्रफळालाच संपला. कापायला, फुटायला काहीच शिल्लक नाही. बॉक्सवर नगांची संख्या आणि चौरस मीटर छापलेले असतात, ते वाचा. एकाच मापाची टाईल कोणी चारच्या बॉक्समध्ये देतो, कोणी पाचच्या, कोणी सहाच्या.

दुसरी गफलत मोठी आहे. भिंतीला क्षेत्रफळ लागत नाही, नग लागतात. शिंपी कापड मोजताना अंगाचे क्षेत्रफळ काढत नाही, पन्ह्यात तुकडे कसे बसतील ते बघतो. टाईलचेही तसेच आहे. एका ओळीला किती नग लागतात आणि कापून उरलेला तुकडा दुसरीकडे कुठे बसतो, या दोन प्रश्नांत सगळा हिशेब आला.

आता तुमचे बाथरूम मिलिमीटरमध्ये घेऊ, कारण टाईल मिलिमीटरमध्ये येते. लांब भिंत २१६० आणि आखूड १३७०. आखूड भिंती आधी लावल्या की टाईल आणि अॅडहेसिव्ह मिळून दोन्ही टोकांना साधारण १५-१५ मिलिमीटर जातात, म्हणून लांब भिंतीला लावायला २१३० उरतात. टाईल आडवी लावायची आहे असे धरतो. सांध्याला २ मिलिमीटरचा स्पेसर. उंचीत आठ ओळी बसतील, सांधे धरून २४१४ मिलिमीटर. आठ फूट म्हणजे २४३८, वर पाऊण-एक इंच उरतो. त्यासाठी नववी ओळ कापायला घेऊ नका, फॉल्स सीलिंग तेवढे खाली घ्या. सीलिंगची उंची टाईलच्या ओळींवरून ठरवावी. बहुतेक घरांत उलटे होते. सीलिंगवाला आधी येऊन आकडा सांगून जातो आणि मग वर दोन बोटांची कपची लावत बसावे लागते.

लांब भिंतीच्या एका ओळीत तीन अख्ख्या टाइल्स बसल्या की सांधे धरून १८०६ मिलिमीटर भरले. उरले ३२४. त्यासाठी चौथी टाईल कापावी लागणार. तिच्यातून ३२४ काढले आणि दोन-तीन मिलिमीटर ब्लेडमध्ये गेले की २७३ चा तुकडा उरतो. तो पुढच्या ओळीच्या ३२४ ला पुरत नाही. म्हणजे लांब भिंतीला प्रत्येक ओळीत चार नग, आठ ओळींना ३२, दोन भिंतींना ६४. क्षेत्रफळाने हाच हिशेब केला असता तर दोन भिंतींना ५७-५८ आले असते.

पण ते २७३ चे सोळा तुकडे वाया जायला नकोत. खिडकीच्या आखूड भिंतीत दोन अख्ख्या टाइल्स बसून १६६ मिलिमीटर उरतात. तो तुकडा २७३ मधून सहज निघतो. म्हणून त्या भिंतीला ओळीमागे दोनच नवे नग, आठ ओळींना १६.

दाराच्या भिंतीत तुमच्या आराखड्याप्रमाणे दाराच्या एका बाजूला ५०८ मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला १०० आहेत. ५०८ ला एक नवी टाईल, १०० ची पट्टी उरलेल्या तुकड्यांतून. दाराच्या उंचीपर्यंतच्या सात ओळींना सात नग. दारावरच्या आठव्या ओळीला दोन. एकूण नऊ.

६४ अधिक १६ अधिक ९, म्हणजे ८९ नग. दुकानदाराच्या ८२ पेक्षा सात जास्त, आणि अजून एकही टाईल फुटलेली नाही.

खिडकीचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. क्षेत्रफळाच्या हिशेबात तिचे चार चौरस फूट, म्हणजे दोन टाइल्स वजा केल्या होत्या. प्रत्यक्षात खिडकी ज्या दोन ओळींत येते तिथे दोन्ही बाजूंना ३८० चा एकेक तुकडा लागतो. एका टाईलमधून ३८० चे दोन तुकडे निघत नाहीत, म्हणजे त्या ओळींनाही दोन-दोन नग लागलेच. खिडकीने एकही टाईल वाचवली नाही. उलट खिडकीच्या चार कडांना, म्हणजे भिंतीच्या जाडीला, काही तरी लावावे लागते. तिथे ग्रॅनाइटची पट्टी घेत असाल तर ठीक. टाईलच लावणार असाल तर ३८० कापून उरलेल्या तुकड्यांतून ते काम होते. छोट्या व्हेंटिलेटरचे माप मी कधीच वजा करत नाही. दाराचे करतो, कारण दार खरोखर नग वाचवते. तुमच्याकडे ओळीमागे एक वाचला.

हा हिशेब कागदावर बसला म्हणून साइटवर आपोआप बसेल असे नाही. मिस्त्री आखूड भिंत आधी लावतो, तेव्हा लांब भिंतीचे उरलेले तुकडे अजून तयारच झालेले नसतात. मग तो १६६ च्या तुकड्यासाठी नवी टाईल कापतो, आणि दुपारपर्यंत कोपऱ्यात कापलेल्या टाइल्सचा ढीग लागतो. म्हणून काम सुरू व्हायच्या आधीच त्याला सांगा: लांब भिंतीचे सोळा तुकडे आधी कापून ठेवायचे, मापापेक्षा पाच-सहा मिलिमीटर मोठे, म्हणजे भिंत वाकडी निघाली तरी घासून बसवता येतील. उरलेले तुकडे नीट उभे रचून ठेवायचे आणि आखूड भिंतींना तेच वापरायचे. चांगला मिस्त्री हे ऐकून खूश होतो, कारण त्याचेही कटिंग वाचते. मजुरी नगावर किंवा ब्रासवर ठरली असेल तर तो घाईत असतो. त्याला हे कागदावर आकृती काढून द्या.

एक अट आहे. उरलेला तुकडा दुसरीकडे तेव्हाच चालतो, जेव्हा टाईल साधी असते किंवा नक्षी विखुरलेली असते. मार्बलच्या शिरा एका टाईलमधून दुसऱ्या टाईलमध्ये जुळवत न्यायच्या असतील, तर तुकडा कुठेही बसत नाही. अशा डिझाईनला लागणारे सगळे कट नवीन टाईलमधूनच निघतील असे धरा. तुमच्याकडे असे तुकडे १६६ चे सात आणि १०० चे सात आहेत. प्रत्येकाला नवी टाईल कापायची म्हटले तर आणखी चौदा नग लागतील.

टाईल उभी लावली तर कमी लागेल का, हा प्रश्न नेहमी येतो. तुमच्या मापात उलटे होते. २१३० मध्ये ३०० च्या सात टाइल्स बसून १६-१८ मिलिमीटरची पट्टी उरते. एवढी बारीक पट्टी कापताना तुटते आणि लावली तरी कोपऱ्यात डोळ्याला खुपते. मग दोन्ही टोकांना १५८ चे सारखे तुकडे घ्यावे लागतात आणि ओळीला आठ नग होतात. चार ओळींना पुन्हा ३२ च. शिवाय आखूड भिंतींना जास्त लागतात. मी मांडून पाहिले तर उभ्या मांडणीला ९५ नग येतात, आडव्याला ८९. तुमच्या भिंती दोन इंचांनी लहान असत्या तर निकाल वेगळा लागला असता. म्हणून उभी की आडवी हे आधी ठरवायचे आणि मग मोजायचे.

डार्क, लाइट आणि हायलायटर (मधल्या ओळीची नक्षीची टाईल) असा सेट घेणार असाल तर प्रत्येक रंगाचा हिशेब वेगळा करावा लागतो, आणि इथेच लोक सर्वात जास्त फसतात. तुमच्या बाथरूमला खालच्या सात ओळींना प्रत्येकी ११ नग लागतात, सर्वात वरच्या ओळीला १२. खाली तीन ओळी डार्क म्हणजे ३३, हायलायटरची एक ओळ ११, वर चार ओळी लाइट म्हणजे ४५. पाचच्या बॉक्समध्ये डार्कचे सात, हायलायटरचे तीन, लाइटचे नऊ बॉक्स होतात. पण डार्कमध्ये दोनच नग जास्त राहतात आणि लाइटमध्ये एकही नाही. म्हणून डार्कचे आठ आणि लाइटचे दहा घ्या. एकूण २१. मिस्त्रीचा आकडा आला खरा, पण या रस्त्याने. हायलायटर फक्त शॉवरच्या भिंतीलाच लावायचा असेल तर ओळीला चार नग एवढेच धरा.

आता तूटफूट. भिंतीची सिरॅमिक टाईल मऊ असते, कटरने सरळ तुटते. फुटते ती एल आकाराच्या कटला आणि नळाच्या भोकांना. वॉल मिक्सरची दोन भोके सहा इंचांच्या अंतरावर असतात. ती एकाच टाईलमध्ये, काठाला लागून आली की टाईल हमखास तडकते. दार-खिडकीचे कोपरे, डायव्हर्टर, गिझरचे दोन पॉइंट, जेट स्प्रे, फ्लश टाकीचे कनेक्शन, एक्झॉस्ट फॅन हे सगळे मोजा. एकेका टाईलला धोका आहे असे समजा. प्रत्येक वेळी फुटेलच असे नाही, पण तुमच्या आकाराच्या बाथरूमला पाच नग या खात्यात ठेवतो. व्हिट्रिफाइड टाईल भिंतीला घेत असाल तर ती कडक असते. तिला भोक पाडायला डायमंड होल सॉ लागतो आणि कारागीरही तसा लागतो. दोन बाय चारची टाईल घेतली तर एक फुटली की ‘एक बाय दोन’च्या चार फुटल्यासारखे. पाच फुटांच्या आतल्या भिंतीला एवढी मोठी टाईल लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

८९ अधिक ५, म्हणजे ९४. सगळीकडे सांगितला जातो तो दहा टक्के जास्तीचा नियम ८५ ला लावला तर तोही इथेच आणून सोडतो. तुमच्या मापात तो चालला. १२५० मिलिमीटरच्या भिंतीत दोन टाइल्स बसून ४६ मिलिमीटरची पट्टी उरली असती तर तो अपुरा पडू शकला असता, आणि ६०० च्या पटीत बसणाऱ्या भिंतीला तो जास्तच झाला असता.

९४ ला १९ बॉक्स होतात. विसावा बॉक्स घरात ठेवायला, आणि त्यावर माझा आग्रह आहे. आज सगळ्या लाईन भिंतीत कन्सिल्ड असतात. पाच-सात वर्षांनी खालच्या मजल्यावर ओल गेली, सोसायटीची चिठ्ठी आली, की भिंत फोडून सांधा दुरुस्त करावा लागतो. त्यात दोन-चार टाइल्स जातातच. तोपर्यंत ते डिझाईन मोरबीच्या कारखान्यांतून केव्हाच बंद झालेले असते. बारा हजारांचे प्लंबिंग आणि मग चार टाइल्ससाठी अख्खी भिंत नव्याने, हे टाळायला एक बॉक्स माळ्यावर असू द्या. टाइल्स आडव्या रचू नका, उभ्या ठेवा, आणि बॉक्सवरचे बॅच लिहिलेले लेबल फाडू नका.

जमिनीचे लवकर आटपतो. अँटी-स्किड ३०० बाय ३०० ची टाईल, जागा २१३० बाय १३४०. क्षेत्रफळाने ३२ नग येतात आणि तुकडे हुशारीने वापरले तर मांडणीनेही ३२ च. पण जमिनीला पाणी जाण्याच्या नहाणी ट्रॅपकडे ढाळ द्यायचा असतो, त्यासाठी ट्रॅपच्या भोवती तिरके कट येतात, जाळीसाठी चौकोन कापावा लागतो. म्हणून ४० घ्या. दहाच्या बॉक्समध्ये चार बॉक्स. उंबऱ्याला ग्रॅनाइट येईल, ते टाईलमध्ये धरू नका. शॉवरचा भाग एक पायरी खाली घेणार असाल तर त्या पायरीची उभी कडा मात्र विसरू नका. तसेच कन्सिल्ड टाकीसाठी कमोडमागे अर्धी भिंत उभी करणार असाल तर तिचा माथा आणि बाजू, शॅम्पूच्या बाटल्यांसाठी भिंतीत कोनाडा करणार असाल तर त्याच्या आतल्या पाच बाजू. हे आराखड्यात नसते आणि मोजताना राहून जाते.

मोजायचे कधी, हे तितकेच महत्त्वाचे. तुम्ही दिलेले माप जुन्या टाईलवरून घेतलेले असेल तर ऑर्डर देऊ नका. जुन्या टाइल्स काढताना मागचे प्लास्टर सुटून येते. नवीन प्लास्टर ओळंब्यात (सरळ उभे) आणि गुण्यात (काटकोनात) करताना कुठे अर्धा इंच आत येते, कुठे एक इंच. वरच्या हिशेबात २१३० मध्ये वीस-पंचवीस मिलिमीटर कमी झाले असते तर कट ३२४ ऐवजी ३०० च्या आसपास आला असता आणि सगळे गणित बदलले असते. टाईल आधी पसंत करून ठेवा, दुकानात तेवढा माल एका बॅचमध्ये आहे का ते विचारा, थोडी उचल देऊन राखून ठेवा. पण अंतिम आकडा वॉटरप्रूफिंग आणि प्लास्टर झाल्यावरच द्या. प्रत्येक भिंत तीन उंचींवर मोजा, खाली, मधे आणि वर, आणि सर्वात मोठे माप धरा. कोपरा काटकोनात आहे का ते तीन-चार-पाचने तपासा: एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट, तिरके अंतर बरोबर पाच फूट यायला हवे.

माल घरी आला की मिस्त्रीच्या हातात देण्याआधी सगळ्या बॉक्सवरचे बॅच आणि शेड नंबर वाचा. भट्टीतून वेगवेगळ्या वेळी निघालेल्या मालाच्या रंगात फरक असतो, कधी आकारातही एखाद्या मिलिमीटरचा. तीन-चार बॉक्समधली एकेक टाईल काढून उजेडात शेजारी शेजारी मांडा. एकदा भिंतीला चिकटली की दुकानदार काहीच ऐकत नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही. न फोडलेले बॉक्स परत घेणार का, किती दिवसांत, हे बिलावरच लिहून घ्या. बरेच दुकानदार घेतात, पण तोंडी शब्दावर राहू नका.

एवढे करूनही टाईल कमी पडली आणि दुसऱ्या बॅचचाच माल मिळत असेल, तर तो एकाच भिंतीत मिसळू नका. शेवटची कोणती भिंत राहिली आहे ते पाहा आणि शक्य असेल तर नवा माल दाराच्या भिंतीला जाईल अशी योजना करा, त्यासाठी थोडी टाईल अजून लावायची थांबवावी लागली तरी चालेल. त्या भिंतीवर खिडकीचा उजेड समोरून येतो, बाजूच्या भिंतींवर तो तिरका पडतो, त्यामुळे दोन भिंतींच्या रंगांत तसाही फरक दिसतो, आणि आत शिरताना ती भिंत पाठीमागे असते. तुमच्या बाथरूममध्ये तिला नऊ नग लागतात आणि कडेच्या पट्ट्याही नव्या मालातून कापायच्या म्हणून आणखी दोन, म्हणजे तीन बॉक्समध्ये काम भागेल.